वळचण बैलाच्या तोंडाशी

संपादक मंडळींचा निरोप आला, 'तुमच्या धंद्यातले चार अनुभव लिहा, दिवाळीच्या अंकात घालू.' मी जन्मभर कडबा विकला. कडब्यात अनुभव तो कसला, असं घरच्यांना वाटलं आणि सूनबाई तर पदराआड हसली. हसू दे. सगळं वऱ्हाड कापसापायी वेडं झालं होतं तेव्हा मी अमरावती-अकोल्याच्या वाटेवर एका पडावावर वैरण विकत होतो. माणसं वेडी झाली की जनावरांना काय काय खाऊ घालतात, ते माझ्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल.

पडाव म्हणजे गाडीवानांची मुक्कामाची जागा. आमचा पडाव मूर्तिजापूरच्या अलीकडे, एका विहिरीच्या आणि चिंचांच्या आधारानं वसलेला. आगगाडी आमच्या बाजूला अजून यायची होती, त्यामुळे अमरावतीचा कापूस बैलबंडीनंच पश्चिमेकडे जायचा. हंगामात बंड्यांची रांग अशी लागायची की पहिल्या बैलाची धूळ शेवटच्या बैलाच्या नाकात जायची. माझे वडील, म्हणजे आबा, तिथे कडबा, कुटार आणि भिजवलेली सरकी विकत. राहायला एक मातीची खोली आणि तिला लागून जनावरांसाठी लांबलचक छप्पर. छप्पर जुन्या कडब्यानं शाकारलेलं होतं. त्याची वळचण इतकी खाली की आत येणारा प्रत्येक जण एकदा तरी कपाळ आपटून घ्यायचा. आबा ठेंगणे होते. त्यांनी छप्पर स्वतःच्या मापानं घातलं होतं आणि उंच माणसांबद्दल त्यांना काडीची सहानुभूती नव्हती.

ज्यांनी बैल फक्त चित्रात पाहिला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. सरकी म्हणजे रेच्यातून कापूस ओढून घेतला की खाली पडतं ते बी. कडब्यानं बैलाचं पोट भरतं, सरकीनं अंगात ताकद येते. पोट भरलेला बैल निवांत बसतो आणि गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चावत राहतो, तो रवंथ. रवंथ चालू आहे आणि नाकाडावर दव आहे, म्हणजे बैल ठणठणीत. रवंथ थांबला, नाक कोरडं पडलं, की मालकानं देव आठवावा. आबांनी मला सगळा धंदा एका वाक्यात शिकवला होता, "पयले पोट भर, मंग ताकद भर."

पण ते दिवस आबांचं ऐकण्याचे नव्हते. तिकडे साता समुद्रापार अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई जुंपली, तिथला कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. कापसाला सोन्याचा भाव आला. मग ज्वारी कोण पेरणार? बांधापर्यंत कापसाची पऱ्हाटी. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. उलट घरोघर रेचे फिरत होते आणि सरकीचे ढीग लागले होते. अशा वेळी माणूस जे करतो तेच आमच्या लोकांनी केलं. ज्याचा ढीग होता, त्याचाच मान वाढवला. कडबा चारणारा तो कंगाल आणि सरकी चारणारा तो शेठ, अशी रीतच पडून गेली.

चांदूरचा एक गाडीवान यायचा. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात रेशमी गोंडे. मी कडब्याची पेंढी पुढे केली की तो तोंड फिरवायचा. "आमचे बैल कडबा खात नाइत," तो म्हणायचा, जसं काही बैलांनीच त्याला तसं बजावलं होतं. एकदा त्यानं हलवायाकडून जिलबी आणून बैलांना चारली. बैलांनी ती आवडीनं खाल्ली आणि रात्रभर सगळ्या पडावाला त्याचा परिणाम हुंगायला लावला. आबा नाक दाबून म्हणाले, "शेठ, यायले आता विडाबी द्या." दुसरा एक जण बैलाला नळीनं तूप पाजायचा आणि वर विचारायचा, "हा जागचा हलत काहून नाइ?"

त्या हिवाळ्यात सकाळी उन्हं आली की आबा बंड्यांच्या रांगेतून चालत जायचे आणि बैलांची नाकं बघायचे. कोरडी नाकं वाढत चालली होती. आमच्याजवळचा कडबा संपला होता. आसपासच्या गावांत होता तेवढा ज्याच्या त्याच्या दावणीला पुरत नव्हता. आम्ही सरकी विकत होतो, कारण विकायला तेवढंच होतं.

साळूबाई आली ती अशा दिवसांत. परतवाड्याकडची कुणब्याची बाई. नवऱ्याचा पाय बंडीच्या चाकाखाली सापडला तेव्हापासून बंडी तीच हाकायची. बाई बंडी हाकते म्हणून वाटेवरचे लोक थांबून बघायचे, आणि ती त्यांच्याकडे अशी बघायची की ते पुन्हा चालू लागायचे. तिची जोडी घरची होती. पवळ्या आणि मोऱ्या. पवळ्या गुणाचा. हाक मारली की मान वळवायचा, दुसऱ्याच्या चाऱ्याकडे ढुंकून बघायचा नाही. त्याची आई व्याली आणि गेली, तेव्हा साळूबाईनं त्याला चिंधीनं दूध पाजून वाढवलेलं. मोऱ्या पक्का चोर. दावं चावून तोडणार, शेजारच्याच्या गव्हाणीत तोंड घालणार आणि मार खाऊनही लाज नाही.

त्या दिवशी पवळ्या आमच्या विहिरीपाशी बसला तो उठेना. साळूबाईनं बंडी सोडली आणि आबांना हाक मारली.

"भाऊ, माह्या बैलाले पाहा जरा. कालपासून रवंथ नाइ करून राहिला."

आबांनी पवळ्याच्या नाकावर तळवा ठेवला. कान चाचपले. पोटाला कान लावला.

"काय चारलं व बाई याले?"

"सरकी. भरपूर चारली, हात आखडला नाइ. वाटेत कडबा कुठीच भेटला नाइ."

"पोट बंद पडलं याचं," आबा म्हणाले.

साळूबाईनं पवळ्याचं डोकं मांडीवर घेतलं. "हा गेला तं मी घरी कोन्त्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली. तिथे बंडीत तिच्या उंचीचा कापूस भरलेला होता, पण तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

नेमके त्याच वेळी एक डॉक्टर दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, उतरले. पुण्याकडचे तरुण गृहस्थ, मुंबईला शिकलेले, अकोल्याच्या दवाखान्यात रुजू व्हायला निघाले होते. पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे वळचणीला कपाळ आपटून घेतलं. दुसरं, आबांना विचारलं, "तुम्ही मंडळी भांडता आहात का?"

"बोलूनच राहिलो जी," आबा म्हणाले. "भांडाले लागलो की सांगतो."

साळूबाईनं डॉक्टरांचे पाय धरले. ते गडबडले. "अहो बाई, मी माणसांचा डॉक्टर. बैलाच्या दुखण्यातलं मला काही कळत नाही." पण ते निघून गेले नाहीत. पवळ्याजवळ बसले आणि त्यानं काय खाल्लं ते पुन्हा पुन्हा विचारलं. मग त्यांनी दमणीतून औषधांची पेटी आणवली. औषध द्यायला नाही, आम्हाला समजवायला. शिकवायची हौस असलेला माणूस होता तो, आणि मला शिकायची हौस होती.

"जिवंत वस्तू कुठलीही घ्या," ते म्हणाले, "पऱ्हाटी, बैल, नाहीतर हे आबा. सगळे थोड्याच द्रव्यांचे बनलेले असतात. दाखवतो."

त्यांनी माझ्या भाकरीचा तुकडा घेतला आणि त्यावर तपकिरी औषधाचा थेंब टाकला. तुकडा काळानिळा झाला.

"अव माय! भाकरीले जहर चढलं!" साळूबाई म्हणाली.

"जहर नाही. पीठ जिथे असतं तिथे हा रंग येतो. पीठ म्हणजे ताकद." मग त्यांनी सरकीचा गर चिरडून त्यावर तोच थेंब टाकला. तपकिरीचा तपकिरीच राहिला. गर पुडीच्या कागदावर दाबला तर कागदावर तेलाचा डाग पडला. चिमूटभर गर निखाऱ्यावर टाकला, तेव्हा केस जळावेत तसा वास सुटला. "हा वास ओळखीचा आहे? लोकर, नखं, मांस, डाळ, अंड्यातला पांढरा भाग, यांत जे द्रव्य असतं ते. त्यानं अंग भरतं. म्हणजे सरकीत काय आहे? तेल आणि हे अंग भरणारं द्रव्य. श्रीमंत जेवण आहे."

"मंग श्रीमंतीनं बैल पडला काहून?" आबांनी विचारलं.

डॉक्टरांनी बंडीतल्या कापसाचा एक पुंजका आणि जमिनीवरची कडब्याची काडी उचलली आणि दोन्ही निखाऱ्यावर धरली. दोन्ही सारखीच जळली. वास सारखा, राखही तशीच. मी आयुष्यभर दोन्ही जाळत आलो होतो, पण शेजारी शेजारी धरून कधी हुंगलं नव्हतं.

"कापूस आणि कडबा एकाच द्रव्याचे," डॉक्टर म्हणाले. "त्याला काष्ठ म्हणा. आणि हे काष्ठ, पीठ आणि साखर हे तिघे एका कुळातले. मणी तेच, ओवणी निराळी. युरोपात एकानं कापडाच्या चिंध्यांवर तेजाब घालून साखर करून दाखवली आहे. आपल्या पोटाला काष्ठ पचत नाही, बैलाच्या पोटाला पचतं. कसं, ते मला विचारू नका. पण त्याचं पोट त्याच कामासाठी घडलं आहे. काम काढून घेतलं आणि नुसतं तेलकट वाढलं, म्हणून ते रुसलं असावं."

साळूबाईनं ऐकलं आणि पवळ्याचं डोकं अलगद खाली ठेवलं. उठली, बंडीतला विळा काढला आणि कापसाच्या बोऱ्याला लावला.

"बाई, काय करून राहिली?" आबा ओरडले.

"कापूस आन् कडबा एकच हाय म्हनते ना डाक्तरसायब? मंग चारते कापूस. कापूसवाला शेठ माह्यं काय करन ते करन."

आज हे लिहिताना हसू येतं, तेव्हा कुणी हसलं नाही. साऱ्या जगाला हवा असलेला कापूस ती एका बैलासाठी फाडायला निघाली होती. डॉक्टर धावले आणि त्यांनी तिचा हात धरला. "नको, नको. मी अर्धंच सांगितलं. द्रव्य एक असलं तरी घडण वेगळी. कापसाचे तंतू मऊ आणि लांब असतात, पोटात त्यांचा गोळा होईल. त्याला खरखरीत, चावण्याजोगं हवं."

"ते कुठून आनू?" साळूबाई रडायलाच लागली. विळा हातातच होता. "या अख्ख्या वऱ्हाडात कडब्याची एक काडी नाइ उरली काय?"

आणि तेव्हा आमच्या मागे खर्रकन आवाज झाला.

मोऱ्यानं मान वर करून आमची वळचण तोंडात धरली होती आणि ओढत होता. आबांनी सवयीनं काठी उचलली. "पाह्य, पाह्य, चोट्टा! छप्पर खाते माह्यं!"

"हा सगळ्या वाटेनं असाच करत आला," साळूबाई डोळे पुसत म्हणाली. "जिथी जिथी उतरलो तिथी लोकायचं छप्पर खाल्लं यानं. बडनेऱ्याले तं एका म्हाताऱ्यानं मलेच शिव्या देल्या."

आबांची काठी तशीच वर राहिली. मी मोऱ्याकडे बघितलं. तीच सरकी, तीच वाट, तीच मालकीण. त्याचं नाक दवानं ओलं होतं आणि घास तोंडात घेऊन तो जबडा आडवा-आडवा हलवत उभा होता. गुणी बैल जमिनीवर पडला होता आणि चोर ठणठणीत होता. आमच्या लोकांनी त्याला गावोगाव बडवलं होतं, तो आपलं पोट ओळखून औषध खात होता.

आबांनाही ते दिसलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. छप्पर त्यांनी स्वतःच्या हातानं घातलं होतं, माझी आई पेंढ्या द्यायची आणि ते वर बसून शाकारायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी एकदा पूर्ण छपरावरून नजर फिरवली.

"नामदेव," ते म्हणाले, "चढ वर."

मी चढलो. वरचा थर पाण्यानं काळा पडला होता तो फेकला, आतला सोनेरी निघाला. डॉक्टरांनी कोट काढला आणि पेंढ्या झेलल्या. आबांनी धूळ झटकून कडबा बारीक तोडला, त्यावर गुळाचं पाणी शिंपडलं आणि पवळ्यापुढे ठेवला. पवळ्यानं हुंगला. खाल्ला नाही.

तेव्हा साळूबाईनं जे केलं ते पाहून डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं. मोऱ्या रवंथ करत होता. त्याच्या जबड्यात हात घालून तिनं चावलेला, फेसाळ घास काढला आणि पवळ्याच्या तोंडात भरला. "आमच्याकडले गवळी असंच करतेत," ती म्हणाली. "ज्याचं पोट चालते त्याचं उष्टं द्यावं." दिवसभर तिनं हेच केलं. मोऱ्यानं पहिल्यांदाच कुणाला काही स्वतःहून घेऊ दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता पवळ्यानं कडब्याची एक काडी ओढली. मग दुसरी. आम्ही कुणी बोललो नाही, नजर लागेल म्हणून. दुपारी त्याच्या गळ्याखालून काहीतरी वर सरकलं आणि त्याचा जबडा हलला, आडवा, सावकाश. आबांनी नाकावर तळवा ठेवला आणि तो ओला तळवा साळूबाईच्या गालाला लावला. ती हुंदके देत हसली. निघायची घाई असलेले डॉक्टर तिथेच बसून होते, त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी पुन्हा वळचणीला कपाळ आपटलं. आता तिथे वळचण फारशी उरली नव्हती, तरी आपटलं.

निघताना मी त्यांना एक विचारलं. "डॉक्टरसाहेब, सगळं जर त्याच चार द्रव्यांचं, तर सरकीतून पऱ्हाटीच उगवायची आणि ज्वारीतून ज्वारीच, हे बियाला सांगतं कोण?"

ते दमणीत एक पाय ठेवून थांबले. "ते सांगणारंही काही द्रव्यच असणार, नामदेव. अजून कुणाला सापडलेलं नाही. सापडेल." ते सापडलं की नाही हे मला ठाऊक नाही. एवढं खरं की तेव्हापासून मूठभर बी मातीत टाकताना माझा हात जरा जपून पडतो. दुसरी एक गोष्ट मात्र कळली. मध्ये एका जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बैलाच्या पोटात डोळ्याला न दिसणारे जीव राहतात, कडबा तेच पचवतात, आणि आपण बैलाला नव्हे, त्यांना जेवू घालत असतो. मला लगेच साळूबाईचा फेसाळ हात आठवला. तिनं पवळ्याला घास नव्हता भरवला, त्याच्या पोटात नवी वस्ती वसवली होती.

त्या हंगामात आम्ही उघड्या आभाळाखाली धंदा केला. कडब्याशिवाय सरकी द्यायची नाही, असं आबांनी ठरवलं, आणि कडबा म्हणजे आमचं छप्पर. रोज थोडं थोडं ते बैलांच्या पोटात गेलं. काही गिऱ्हाइकं चिडून गेली. चांदूरचा जिलबीवाला परत आला, शेंब्या तशाच, पण आवाज उतरलेला. "जरासाक कडबा भेटन काय?" त्यानं विचारलं. आबांनी त्याला सगळ्यात आधी दिला आणि एक शब्द बोलले नाहीत. हे मौन त्यांना फार जड गेलं.

मग अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापसाचा भाव कोसळला. सगळं वऱ्हाड रडलं. आम्ही वैरणवाले तोंडदेखलं रडलो, कारण शेतांमध्ये पुन्हा ज्वारी दिसू लागली होती.

साळूबाई मात्र त्याच्याही आधी, होळीच्या सुमारास आली. या वेळी बंडीत कापूस नव्हता. मेळघाटातलं गवत शिगोशीग भरलं होतं, आमच्या छपरासाठी. पवळ्या आणि मोऱ्या जोडीनं ओढत होते, आणि मोऱ्या मान वळवून मागचं गवत खात होता. आबांनी तोवर छपराच्या आधाराला नव्या मेढी रोवल्या होत्या, चांगल्या उंच. लोकांची कपाळं फुटतात, डॉक्टरांचंही फुटलं, म्हणून या वेळी त्यांनी मन मोठं केलं होतं. ते साळूबाईला मोठ्या कौतुकानं दाखवू लागले.

तिनं मेढीला हात लावला, वर बघितलं, मग मोऱ्याकडे बघितलं.

"भाऊ, इतकं उच्च नका करू," ती म्हणाली. "वळचण बैलाच्या तोंडाशी पायजे."

आबांनी त्याच दिवशी मेढी कापल्या. आता आमच्या घरावर पत्रा आहे, पण गोठ्याचं छप्पर मी जन्मभर त्याच मापाचं ठेवलं. येणारे-जाणारे कपाळ चोळत विचारतात, काहून? सूनबाईचं कपाळ तर या घरात आल्यापासून आठवड्यातून एकदा आपटतं. तिनं आजवर कारण विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

काल हे लिहून झालं आणि तिला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, म्हाताऱ्याची बडबड, कंटाळली असेल. संध्याकाळी गोठ्यात गेलो तर वळचणीतला जुना कडबा जिथे ओढून ओढून विरळ झाला होता, तिथे एक ताजी पेंढी खोचलेली होती, बरोबर बैलाच्या तोंडाशी.